बेबीमावशीचं निदान

गवत कापायचं मशीन सुरू करण्याआधी बेबीमावशी त्याला एक शिवी द्यायची. पदर कमरेला खोचायचा, कंपनीने दिलेला पुरुषी मापाचा बूट मशीनच्या अंगावर रोवायचा, दोरी मुठीत धरायची आणि आधी शिवी, मागून झटका. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं तर शिवी लागू पडली, असं तिचं म्हणणं. नाही लागलं, तर मग मशीनचे आईबाप, ते बनवणारा, ते विकणारा आणि ते घेणारे आमचे मॅनेजर साहेब, सगळे एका ओळीत यायचे. साहेबांच्या केबिनची काच बंद असायची, म्हणून निभावलं.

भिवंडीजवळ, अंजूरच्या बाजूला गोडाऊनचं एक मोठं संकुल आहे. तिथे ऑफिसात मी गेटपास, वीजबिलं, पाण्याचे टँकर असलं सगळं पाहते. आतमध्ये पत्र्याच्या अवाढव्य शेड आणि पुढे, रस्त्यावरून येणाऱ्याला दिसेल असं, काचेचं ऑफिस. त्या ऑफिससमोर हिरवंगार लॉन होतं. ते कापायचं काम बेबीमावशीचं. नाव बेबी, वय पन्नाशीच्या पुढे, आवाज कंटेनरचा हॉर्न झाकून टाकेल असा.

मी नोकरीला लागले तेव्हा ओळख काढायची म्हणून तिला विचारलं होतं, "मावशी, तू इथलीच का?"

"इथलीच म्हंजे?" ती म्हणाली. "तू उभी हायस ना बाय, ते आमचं खाचर. त्या झेंड्याच्या खांबापरत आमचा भात असायचा."

"मग विकलंत?"

"दीरांनी इकलं. घरवाल्यानी सही केली. मना कोनी इचारलं?"

'मना कोनी इचारलं' हे तिचं कायमचं वाक्य. ऊन जास्त पडलं तरी तेच, चहा गोड झाला तरी तेच, मुलाने बायको स्वतःच पसंत केली तेव्हाही तेच. नवरा जमीन गेल्यावर काही वर्षांतच दारूने गेला. मुलगा सुनेला घेऊन कल्याणला राहायला गेला. मावशी एकटी मागे राहिली आणि जिथे लावणी केली होती तिथेच शोभेचं गवत कापायला लागली. याबद्दल तिला कुणी हळहळून बोललं की तिचं डोकं फिरायचं. "गवत हाय, कापायचं हाय. रडायला काय जालं?" एवढं बोलून ती निघून जायची.

ते मशीन टू-स्ट्रोक इंजिनाचं होतं, ढकलत न्यायचं. त्याला नुसतं पेट्रोल चालत नाही. पेट्रोलमध्ये ठरलेल्या मापाने तेल मिसळावं लागतं, नाहीतर आतले भाग कोरडे घासतात आणि इंजिन जाम होतं. विकणाऱ्या कंपनीचा माणूस हे शिकवायला आला होता तो दोन तरुण पोरांना. ती पोरं बसून पेंगत होती आणि मावशी मागे झाडू घेऊन उभी राहून ऐकत होती. पोरं पुढे नोकरी सोडून गेली, मशीन मावशीकडे आलं. प्लग काढून तारेच्या ब्रशने घासणं, फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवणं, पात्याला धार लावून आणणं, सगळं ती करायची आणि ते आपल्यालाच येतं हे चारचौघांत ऐकवायचीही. तेल मिसळताना मात्र ती मापावर थांबायची नाही. मापाचं झाकण भरून ओतलं, की वर एक धार आणखी सोडायची.

"मावशी, माप ठरलेलं असतं ना?" मी एकदा म्हटलं.

"माप त्यांच्या देशातल्या गवताला. इथं ऊन बग. थोरं जास्त पडलं तं मशीनलाच सुख."

शिव्या रोज, पण माया अशी होती.

तिची दुसरी माया गेटवर बसायची. यासीनचाचा. उभं आयुष्य भिवंडीतल्या नारपोलीत कापडाच्या लूमवर काढलेला माणूस. खटखटीने कान गेले होते, त्यामुळे साधं बोलणंही ओरडूनच. मालकाने लूम भंगारात काढले, तेव्हा चाचा एका एजन्सीतर्फे आमच्याकडे सिक्युरिटीला लागले. युनिफॉर्म त्यांना दोन मापं मोठा होता. मावशी त्यांना म्हणायची, "चाचा, तुमच्या शर्टान आजून एक गार्ड मावंल." चाचांना निम्मं ऐकू यायचं, पण ते हसायचे पूर्ण.

दोघं दिवसभर भांडायची. चहा कुणी आधी घेतला, केबिनचा पंखा कुणी बंद केला, पाऊस येणार की नाही. ती आगरी बोलायची, ते तिला 'भाभी' म्हणत हिंदी, आणि दोघांनाही दुसऱ्याचं सगळं समजायचं. ईदला चाचा स्टीलच्या डब्यातून तिच्यासाठी शीरखुर्मा आणायचे. "लय गोड करता तुमी," असं म्हणत ती डबा बोटाने पुसून संपवायची. तिचा स्वभावच असा की गोड बोलणाऱ्यावर तिचा विश्वास नसे. "हसून बोलतो ना, त्याच्यावर आधी नजर ठेव," हे तिने मला पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं. तिच्या दिरांनी जमिनीचे कागद करायला तिच्या नवऱ्याला नेलं तेव्हा ते फार हसून बोलत होते म्हणे. चाचा मात्र त्यातून वगळलेले आहेत, असं मला वाटायचं.

दोन पावसाळ्यांपूर्वी, गणपती उठल्यानंतर, मशीनचा दम गेला.

सुरू व्हायचं. नुसतं उभं असलं की छान गुरगुरायचं. पण गवतात घातलं की आवाज खाली बसायचा, आचके द्यायचं आणि बंद पडायचं. थोडं थंड झालं की पुन्हा लागायचं आणि पुन्हा तेच. त्यात बाहेरून बड्या भाडेकरू कंपनीचे लोक संकुल पाहायला येणार होते. पावसाने गवत घोट्याच्या वर गेलेलं. मॅनेजर साहेब काचेतून बघायचे आणि मला सांगायचे, "त्या बाईला जमत नसेल तर कॉन्ट्रॅक्टर बघा." मी ते मावशीला सांगितलं नाही, पण तिने ते साहेबांच्या मानेवरूनच ओळखलं.

तिने प्लग काढला. काळा, ओलसर होता. घासून बसवला, मग नवाच आणून बसवला. फिल्टर धुतला. कार्बोरेटर उघडून फुंकला. पात्याखाली अडकलेलं गवत सुरीने खरवडून काढलं. दोरी हळू ओढून आत दाब आहे का, ते हाताने पाहिलं, दाब होता. दम तरीही नाही. शेडच्या सावलीत पोत्यावर सगळे भाग मांडून ती बसली होती. मी पाणी घेऊन गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगलं ठीक हाय. मशीनान काय खोट न्हाय. पेट्रोलान कायतरी घातलंय."

"कोण घालणार?"

ती गेटकडे बघत राहिली.

पेट्रोलचा कॅन गेटवरच्या केबिनमध्ये असायचा, कुलपात. किल्ली चाचांकडे. आणि मशीन बिघडायच्या आदल्या दिवशी तिने पाहिलं होतं, की केबिनच्या मागे एक मोटरसायकल थांबली आहे, एक अनोळखी पोरगा ओणवा झाला आहे आणि चाचा कपड्याला हात पुसत आतून बाहेर येत आहेत. चाचा हसत होते. तिने एवढंच पाहिलं होतं. बाकीचं तिने मनातच जोडलं. पेट्रोल काढून विकायचं आणि तेवढं रॉकेल ओतून ठेवायचं.

"मावशी, चाचा असं करतील?"

"मना पन वाटायचं, दीर असं करतील कं?" ती म्हणाली आणि उठली.

मला वाटलं, ती गेटवर जाऊन भांडेल. ती भांडली असती तर फार बरं झालं असतं. पण ती सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेली. बूट बाहेर काढून, पदर नीट करून. आत काय बोलणं झालं ते मी काचेतून पाहिलं. साहेबांनी काही विचारलंच नाही. त्यांनी फोन उचलला आणि एजन्सीला लावला.

दुपारच्या जेवणापर्यंत एजन्सीची गाडी आली. सुपरवायझरने चाचांना कॅन दाखवला, काहीतरी बोलला आणि तिथेच युनिफॉर्मचा शर्ट काढायला लावला. ऑफिसच्या पायरीवरून सगळं दिसत होतं. चाचा गंजीफ्रॉकवर उभे होते. त्यांना ऐकू आलं नसावं, म्हणून सुपरवायझर ओरडून सांगत होता, "चोरी! चोरी का मामला है!" लोडिंगचे हमाल, ड्रायव्हर, सगळे वळून बघत होते. चाचांनी डब्याची पिशवी काखेत घेतली. माझ्याकडे आले. नेहमीचा मोठा आवाज अगदी लहान झाला होता.

"बिटिया, भाभी ने बोला क्या?"

मी होकारार्थी मान हलवली. ते गेटबाहेर चालू लागले. मावशी शेडमध्ये पाठ करून उभी होती. तिला त्यांची नोकरी घालवायची नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना कुणी तरी दम भरावा, लाज वाटावी, इतकंच तिला हवं होतं. पण आमच्या ऑफिसात गार्ड बदलणं हे बल्ब बदलण्याइतकं सोपं आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंपावरून ताजं पेट्रोल आलं. मावशीने कॅन घासून घेतला, स्वतः तेल मिसळलं, शिवी दिली, झटका दिला. मशीन लागलं. गवतात घातलं. आवाज खाली बसला, आचके आले, बंद पडलं.

ती तशीच उभी राहिली. पुन्हा दोरी ओढली. पुन्हा तेच. मग ती मशीन ढकलत शेडकडे घेऊन गेली. एकच भाग तिने उघडला नव्हता, सायलेन्सर. त्याचे बोल्ट गंजून बसले होते. ते काढता काढता ती स्वतःशीच पुटपुटत होती की, धाकट्या दिराची जुनी स्कूटर अशीच चढावर मरायची, आणि मग तो सायलेन्सर काढून पेंढ्यात जाळायचा. बोल्ट सुटले. तिने सायलेन्सर उचलून उजेडाकडे धरला आणि आत स्क्रू-ड्रायव्हर घातला. काळा, तेलकट, डांबरासारखा गोळा बाहेर आला. मग दुसरा. इंजिनाच्या धूर बाहेर पडायच्या भोकावरही तसाच थर. वाट जवळजवळ बंद झाली होती. जळून न गेलेलं तेल साचत साचत गेलं होतं. धुराला बाहेर जाता येत नव्हतं, म्हणून आत नवा दम शिरत नव्हता.

तिने ते सगळं खरवडलं, पुसलं, बसवलं. मशीन लागलं. गवतात असं धावलं की तिला मागे पळावं लागलं. ते लॉनच्या टोकाला पोचलं तेव्हा तिने ते बंद केलं आणि तिथेच खाली बसली. मी धावत गेले. मला वाटलं, चक्कर आली.

"तेल," ती म्हणाली. काळ्या झालेल्या आपल्या हाताकडे बघत होती. "ते जादा तेल मीच घातलं. दोन सालं मीच घालतंय."

हे कुणालाही कळलं नसतं. सायलेन्सर तिनेच उघडला, तिनेच साफ केला. बोल्ट आवळून ती गप्प राहिली असती तर जगात कुणीही तिला विचारणार नव्हतं. ती तशीच, हात न धुता, साहेबांकडे गेली. या वेळी बूट काढायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. मी मागोमाग गेले.

"साहेब, चाचानं काय केलं न्हाय. माजीच चूक जाली. त्याला बोलवा परत."

साहेबांनी आधी गालिच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मशीन सुरू झालं ना?"

"जालं."

"मग झालं तर. एजन्सीला मी चोरी झाली म्हणून कळवलंय, मावशी. आता काय, झाली नाही म्हणून कळवू? माझी काही इज्जत आहे की नाही?" आणि मग हसून, समजावणीच्या सुरात, "जाऊ द्या. तुम्ही तुमचं काम बघा. लॉन छान दिसतंय."

मी एजन्सीला फोन केला. तिथल्या माणसाने सांगितलं, की चोरीचा शेरा असलेला माणूस ते कुठेच लावत नाहीत, आणि शेरा पार्टीने दिलेला आहे, तेव्हा पार्टीनेच लेखी काढला पाहिजे. पार्टी म्हणजे साहेब.

त्या रविवारी मावशी माझ्याबरोबर नारपोलीला आली. मी तिथेच राहते, पण चाचांची खोली कधी पाहिली नव्हती. बंद पडलेल्या लूमच्या वरच्या मजल्यावर, लोखंडी जिन्याने जायचं. चाचांच्या पुतण्याने दार उघडलं. चाचा चटईवर बसले होते. आम्हाला पाहून उठले, खुर्ची पुसून दिली, पुतण्याला चहा आणायला पाठवलं. इतक्या अदबीने वागले की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मावशी खुर्चीवर बसली नाही. जमिनीवर बसली आणि आपल्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. तेल, सायलेन्सर, काळे गोळे. चाचांना ऐकू जावं म्हणून तिला ते ओरडून सांगावं लागत होतं, आणि शेजारच्या खोल्यांतली माणसं दारात येऊन उभी राहिली होती. ती थांबली नाही.

चाचांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वो मोटरसायकलवाला लड़का... उसकी चेन उतर गई थी, भाभी. चढ़ाने में हाथ काले हो गए थे। कपड़ा दिया मैंने।"

"मना म्हाईत नव्हतं."

"आपने मशीन का एक-एक पुर्ज़ा खोल के देखा," चाचा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मुझसे पूछा नहीं।"

चहा आला. मावशीने तो उठून उभ्यानेच घेतला, कप विसळून ठेवला. निघताना ती चाचांच्या पायांकडे वाकली तेव्हा ते घाईघाईने मागे सरले आणि भिंतीला टेकले. महिनाभरात ते मुलखाला, आपल्या गावी, निघून गेले.

त्यानंतरची बेबीमावशी मला फारशी आवडत नव्हती, आणि हे लिहायला हरकत नाही. ती तेल मापाने घालायची. मशीनला शिवी द्यायची नाही. नव्या गार्डशी एक शब्द बोलायची नाही. तो बिचारा बिहारचा, "अम्मा, अम्मा" करायचा, तर ती त्याच्याकडे अशी बघायची की तो केबिनमध्ये जायचा. भांडण संपलं होतं. भांडत होती तोवर ती माणसांत होती. मी कधी चाचांचा विषय काढला तर म्हणायची, "त्याचं नाव नको घेऊ. मी घेत न्हाय, तू पन नको घेऊ."

पुढच्या उन्हाळ्यात भाडेकरू कंपनीला कंटेनर उभे करायला जागा कमी पडू लागली. लॉनवर जेसीबी चालला आणि पेव्हर ब्लॉक बसले. मशीन भंगारवाल्याने नेलं. मावशीचं कामही संपलं. साहेबांनी तिला शाल दिली, फोटो काढला. ती शाल तिने गेटबाहेरच्या रिक्षावाल्याला देऊन टाकली.

यंदा उन्हं तापू लागल्यावर एका सकाळी नारपोलीच्या नाक्यावर चाचांचा पुतण्या भेटला. चाचा गेले, म्हणाला. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. मी त्याच्याकडून चाचांच्या मुलाचा, इरफानचा नंबर घेतला आणि दुपारी अंजूरला मावशीच्या घरी गेले. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं.

मावशी ओट्यावर सुका जवळा निवडत बसली होती. मी सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. एक मूठ निवडली, दुसरी घेतली. मग म्हणाली, "त्याच्या घरान म्हाईत असंल कं, का त्यानं चोरी न्हाय केली?"

"माहीत असेलच, मावशी."

"कसं असंल? कोनी सांगलं? साहेब सांगंल? तिकडं गावाला कोन जानतो?" ती सूप बाजूला सारून उठली, हात धुतले, पदराला पुसले. "पोराला फोन लाव. बाप चोर म्हनून मेला असं त्याला वाटाया नको."

मला ते बरोबर वाटलं. मी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि तिच्या हातात दिला. पलीकडे माणसांचा गलबला होता, कुठेतरी बकरी ओरडत होती. मावशीने नाव सांगितलं.

"अरे, बेबी भाभी!" इरफानचा आवाज एकदम जवळ आला. "भिवंडी वाली? अब्बू आपका बहुत नाम लेते थे। बोलते थे, पूरे अंजूर में एक ही औरत है जिसकी आवाज़ मुझे साफ़ सुनाई देती है।"

मावशीने डोळे मिटले. मी तिच्या हाताला हात लावला. कशासाठी, ते मलाही कळलं नाही. बहुधा फोन घेण्यासाठी. तिने तो दिला नाही.

"बेटा, सुन," ती म्हणाली. "तेरा बाप चोर नहीं था। वो पेट्रोल की चोरी झूठ थी। उसने कुछ नहीं किया।"

पलीकडचा गलबला तसाच होता.

"कौन सी चोरी?" इरफानने विचारलं. "अब्बू ने तो घुटनों की वजह से काम छोड़ा था। हमको यही बताया था।" आणि मग, हळू, "चोर किसने बोला था अब्बू को?"

ओट्यावर जवळ्याच्या वासाने मांजर आलं होतं. मावशीने त्याला हाकललं नाही.

"मैंने," ती म्हणाली.

फोन कट झाला. मी तो तिच्या हातातून घेतला आणि पुन्हा लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मी आणखी एकदा लावू लागले तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"नको लावू, बाय," ती म्हणाली. "त्याच्या घरान कोनाला ठावंच नव्हतं. आता हाय."